मूल गंभीर आजारी आहे आणि खर्च झेपणारा नाही: महाराष्ट्रात मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने मागायची

डॉक्टर आधी आजाराचं नाव सांगतात, मग एक आकडा. तो आकडा ऐकून घरात एकच चर्चा सुरू होते: दागिने मोडायचे, जमीन गहाण टाकायची की कुणाकडून व्याजाने घ्यायचे. हा लेख त्या चर्चेच्या आधी वाचायचा आहे. महाराष्ट्रात आजारी मुलांसाठी मदतीच्या जागा बऱ्याच आहेत. काही ठिकाणी तुमचा हक्क आहे, काही ठिकाणी देणाऱ्याची इच्छा. पण बिल भरून डिस्चार्ज झाला की यातल्या बहुतेक जागी तुमचा अर्ज घेतच नाहीत. म्हणून क्रम पाळायचा. आधी हक्काचं, मग न्यासांचं, आणि लोकांपुढे जाहीर आवाहन सगळ्यात शेवटी. घाबरलेली माणसं नेमकं उलटं करतात. पहिल्या दिवशीच मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि ज्या योजनेत तेच ऑपरेशन फुकट झालं असतं तिची चौकशी घरी परतल्यावर होते.

समाजसेवा विभाग गाठा, त्याच दिवशी

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. ट्रस्टच्या रुग्णालयांत त्यांना वैद्यकीय समाजसेवक किंवा नुसतंच ‘एमएसडब्ल्यू’ म्हणतात. कोणता न्यास कोणत्या आजाराला मदत करतो, कुणाची बैठक कधी असते, कोणत्या अर्जावर कुणाची सही लागते, हे सगळं यांना तोंडपाठ असतं. डॉक्टरांना यातलं फारसं ठाऊक नसतं, आणि बिलिंगच्या खिडकीवरचा माणूस स्वतःहून सांगायला बसलेला नसतो.

त्यांना सरळ विचारा: हे रुग्णालय महात्मा फुले योजनेत आहे का आणि आमच्या मुलाचा आजार त्यात बसतो का? रुग्णालय धर्मादाय आहे का, असल्यास राखीव खाट मिळेल का? या आजारासाठी वेगळी योजना किंवा संस्था आहे का? खर्चाचं अंदाजपत्रक लेटरहेडवर कधी मिळेल?

संकोच वाटतो, विशेषतः आजवर कुणापुढे हात न पसरलेल्या घरांना. पण या टेबलासमोर दिवसभर तुमच्यासारखीच माणसं येतात. घरची परिस्थिती आहे तशी सांगा. कर्ज लपवू नका आणि शेतीही लपवू नका. सातबारा नंतर निघालाच तर बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

फाइल

कागदांचं काम घरातल्या एकाच माणसावर सोपवा. काका, मामा, आत्या, कुणीही चालेल, पण मुलाच्या उशाशी बसलेल्या आईवर नको. फाइलमध्ये हे हवं:

- मुलाचं आधार कार्ड आणि जन्माचा दाखला. नवजात बाळाचं आधार नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आईचं आधार चालतं.
- रेशनकार्ड. त्यावर मुलाचं नाव नसेल तर ते चढवण्याचा अर्ज आजच द्या.
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून निघतो. सगळ्यात जास्त वेळ याच कागदाला लागतो, म्हणून गावाकडच्या कुणाला तरी लगेच त्यामागे लावा.
- निदानाचे सगळे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले.
- खर्चाचं अंदाजपत्रक, म्हणजे एस्टिमेट.
- आई किंवा वडिलांचं बँक पासबुक.

मूळ प्रत कुणालाही देऊ नका. सगळ्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढा आणि प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

एस्टिमेटकडे जरा नीट पाहायला हवं, कारण अर्ज अडतात ते बहुतेक याच कागदापाशी. ‘अंदाजे खर्च ५ लाख’ एवढं एका ओळीत लिहून दिलेला कागद कुठेच चालत नाही. त्यावर मुलाचं नाव आधारवर आहे तसंच हवं. आजाराचं आणि उपचाराचं नाव हवं. ऑपरेशन, आयसीयू, औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांचे वेगवेगळे आकडे हवेत. डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख हवी, आणि रुग्णालयाच्या बँक खात्याचा तपशीलही हवा, कारण मदत तुमच्या हातात न येता तिकडे जाते. नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. रुग्णालय सोडण्यापूर्वी तिथेच उभं राहून कागद वाचा.

हक्काचं पहिलं: महात्मा फुले योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आता आयुष्मान भारतबरोबर ती एकत्र राबवली जाते आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ‘आमचं कार्ड केशरी आहे’ किंवा ‘पांढरं आहे’ म्हणून चौकशीच न करणारे अजून भेटतात. पांढऱ्या कार्डधारकांनाही आता योजनेत घेतलं आहे.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा काउंटर असतो. तिथे नोंद होते, मग रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं आणि मंजुरी आल्यावर नियोजित उपचार सुरू होतात. खिशातून पैसे भरून मोकळं व्हायचं आणि मागाहून योजनेतून परत मागायचे, असा प्रकार इथे नाही. रुग्णालय यादीत नसेल तर मूल स्थिर असताना यादीतल्या रुग्णालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. टोल फ्री क्रमांक १५५३८८.

मूल अंगणवाडीत किंवा सरकारी-अनुदानित शाळेत असेल तर आणखी एक रस्ता आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडी पावलं अशा दोषांवर मोफत शस्त्रक्रियेची सोय होते. शाळेत पथक येण्याची वाट पाहू नका. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन थेट या कार्यक्रमाच्या पथकाला भेटा.

हक्काचं दुसरं: धर्मादाय रुग्णालयातली खाट

याविषयी लोकांना सर्वात कमी माहिती असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहरातली बरीच बडी, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री सार्वजनिक न्यास असतात. न्यास म्हणून मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यात कायद्याने त्यांच्यावर एक जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली योजना यानुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. सध्या वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक.

यासाठी पैसा येतो तो निर्धन रुग्ण निधीतून. रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम या वेगळ्या खात्यात टाकायची असते. रुग्णालयात सगळे त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात आणि तुम्हीही तोच शब्द वापरा. ‘काही सवलत मिळेल का?’ असं विचारलंत तर बिलावर हजार-दोन हजार कमी करून वाटेला लावतात. ‘आयपीएफमध्ये अर्ज करायचा आहे, फॉर्म द्या’ म्हटलंत की समोरच्याला कळतं की माहिती घेऊन आला आहात.

निर्धन रुग्णाला पूर्ण उपचार मोफत. दुर्बल घटकाला साधारण निम्मी सवलत मिळते, आणि औषधं, इम्प्लांट वगैरे रुग्णालयाच्या खरेदी किमतीलाच लावायचे असतात, छापील किमतीला नव्हे. बिलात हा फरक मोठा पडतो. तातडीच्या रुग्णाला तर अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणं आणि स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणं या रुग्णालयांना बंधनकारक आहे. मध्यरात्री धाप लागलेलं मूल घेऊन दारात उभे असताना समोर ‘डिपॉझिट भरा’ म्हणाले, तर हे वाक्य पाठ असलेलं बरं.

‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर हमखास मिळतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय राखीव आणि रिकाम्या खाटांची माहिती असते. ती मोबाइलवर उघडून दाखवा. तरीही नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा खाट सापडते. नाहीच सापडली तर तुमच्या भागातल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज द्या आणि मंत्रालयातल्या मदत कक्षाला कळवा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांचं काम आता एकाच कक्षाकडे आहे. भांडण मात्र समाजसेवकाशी करू नका. आतून फाइल पुढे सरकवणारा तो एकच माणूस असतो.

आजारानुसार वेगळी दारं

थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया असलेल्या मुलांना रक्तपेढीतून रक्त प्रक्रिया-शुल्क न घेता मिळायला हवं. हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठीही, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीही, अर्ज करता येतो. थॅलेसेमियाच्या मुलाला सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा (बोन मॅरो) जुळत असेल तर २०१७ साली सुरू झालेली थॅलेसेमिया बाल सेवा योजना पाहा. कोल इंडियाच्या सामाजिक निधीतून, ठरावीक रुग्णालयांत, प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते.

दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे. केंद्राने ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रात नोंद झाली तर ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईत हे केंद्र परळच्या केईएम रुग्णालयात आहे. जनुकीय आजाराचा नुसता संशय असला तरी तिथली ओपीडी गाठा.

जन्मजात हृदयदोषासाठी खारघरचं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय मुलांच्या शस्त्रक्रिया पूर्ण मोफत करतं. तिथे बिलाची खिडकीच नाही. नंबर लावावा लागतो, म्हणून निदान झाल्याबरोबर नाव नोंदवा.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना पाहा. वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. थेरपीचे पैसे देणारं फारसं कुणी नसतं.

कर्करोग असेल तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालकर्करोग विभागाची स्वतःची मदत यंत्रणा आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. सुरुवातीच्या महिन्यांत जमलेला सगळा पैसा संपतो आणि पुढे तारखा चुकायला लागतात. म्हणून मदत मागताना पूर्ण कालावधीचा हिशेब मांडा, पहिल्या केमोचा नव्हे.

मुख्यमंत्री निधी आणि न्यास

मुख्यमंत्री सहायता निधीतून ठरावीक गंभीर आजारांना मदत मिळते. यादीत नवजात शिशूंचे आजार, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, २ ते ६ वर्षांच्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) हे आहे. उत्पन्नाची मर्यादा सध्या वर्षाला १ लाख ६० हजार आहे. रुग्ण दाखल असतानाचा जिओ टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, लागतो, आणि खासगी रुग्णालयाचं एस्टिमेट जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. अपघात असेल तर एफआयआर. तेच उपचार महात्मा फुले योजनेत किंवा धर्मादाय खाटेवर होत असतील तर तुम्हाला आधी तिकडेच पाठवतात. अर्ज फुकट आहे. ‘मंत्रालयात ओळख आहे, दहा टक्के द्या’ म्हणणारा जो कुणी रुग्णालयाच्या आवारात भेटेल, त्याला कागदाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही स्वतंत्र अर्ज करता येतो.

त्यानंतर न्यास. टाटा ट्रस्टसारख्या मोठ्या संस्था, सिद्धिविनायक मंदिरासारखी देवस्थानं, शिवाय जाती-समाजांचे आणि कंपन्यांचे निधी. एकटा न्यास पूर्ण रक्कम क्वचितच देतो. रक्कम तुकड्यातुकड्यांनीच उभी राहते आणि चेक रुग्णालयाच्या नावे निघतो. एकाच वेळी अनेकांकडे अर्ज करण्यात काही गैर नाही, फक्त कुणाकडून किती मंजूर झालं हे प्रत्येकाला सांगा. लपवलेलं कळतंच, कारण सगळे पैसे एकाच बिलिंग विभागात येतात.

अर्जासोबतचं पत्र एका पानाचं असावं. आजाराचा सगळा इतिहास आणि ‘आपण देवासारखे’ वगैरे नको. वाचणाऱ्याला आकड्यांचं गणित जुळलेलं हवं असतं. नमुना असा:

‘माझी मुलगी, वय ७ वर्षे, हिला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या भावाची अस्थिमज्जा पूर्ण जुळली असून प्रत्यारोपणाचा अपेक्षित खर्च ₹१४,००,००० आहे (एस्टिमेट सोबत). थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ₹१०,००,००० मंजूर झाले आहेत (पत्र सोबत). आम्ही ₹६०,००० उभे केले आहेत. उरलेल्या ₹३,४०,००० पैकी शक्य तेवढ्या मदतीसाठी हा अर्ज आहे. प्रत्यारोपणाची तारीख अमुक आहे. मी रिक्षा चालवतो, पत्नी घरी असते, उत्पन्नाचा दाखला जोडला आहे.’

एवढं पुरे. खाली समाजसेवकाची शिफारस आणि तुमचा चालू असलेला फोन नंबर. न्यासाचा फोन आला आणि उचलला नाही तर तुमची फाइल गठ्ठ्यात खाली जाते.

राहणं, जेवण, प्रवास

बिल माफ झालं तरी घर मोडतं ते या खर्चाने. वडिलांची मजुरी बुडते, लॉजचं भाडं रोज चढतं, आणि गावाकडे दुसरं मूल आजीपाशी असतं. परगावी जाताना निवाऱ्याची चौकशी निघण्यापूर्वी करा.

मुंबईत कर्करोगाच्या मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून आई-वडिलांसह मोफत निवारा देते. तिथे सामाईक स्वयंपाकघरात आईला स्वतःच्या हाताने मुलासाठी रांधता येतं. केमोत मुलाच्या पोटात बाहेरचं जात नाही आणि संसर्गाचीही भीती असते, म्हणून ही सोय मोठी. प्रवेश मात्र रुग्णालयाच्या शिफारशीवर. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. दोन्हीकडे गर्दी असते आणि रुग्णालयाचं पत्र लागतं. कर्करोगाच्या मुलांच्या पोषणासाठी कडल्स फाउंडेशनचे आहारतज्ज्ञ अनेक रुग्णालयांतच बसतात.

रेल्वेत कर्करोग, थॅलेसेमिया, हृदयशस्त्रक्रिया अशा रुग्णांना आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीला भाडंच नाही. रेल्वेचा ठरावीक नमुन्यातला फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्या आणि प्रत्येक फेरीसाठी नवा मागून ठेवा.

जाहीर आवाहन, सगळं करून झाल्यावर

क्राउडफंडिंगने, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणीने, काहींना खरंच वाचवलं आहे, पण ते पहिलं पाऊल नव्हे. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा मंचांवर मोहीम उघडण्याआधी त्यांचं शुल्क आणि जाहिरातीचा खर्च कुणाच्या रकमेतून जातो, हे लेखी विचारून घ्या. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात वळवता येत असतील तर तेच करा. देणाऱ्याचाही विश्वास बसतो.

फोटोचं एक सांगतो. नळ्या लावलेल्या, रडणाऱ्या मुलाचा फोटो टाका म्हणजे पैसे लवकर येतात, असं सांगणारे भेटतील. येतही असतील. पण ते मूल बरं होऊन दहावीत जाईल तेव्हा तोच फोटो वर्गमित्रांच्या फोनवर असेल. चेहरा नीट दिसणारा, घरचा साधा फोटो वापरा. रिपोर्ट टाकताना आधार क्रमांक आणि पत्ता झाका.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाहनात तारीख, रुग्णालय, लागणारी रक्कम आणि आजवर जमलेली रक्कम लिहा. क्यूआर कोड बदलून तुमचंच आवाहन पुढे पाठवणारे चोर असतात. म्हणून खातेदाराचं नाव मजकुरातही द्या आणि ‘नाव जुळलं तरच पैसे पाठवा’ असं स्पष्ट लिहा. रक्कम पूर्ण झाली की ‘मदत पूर्ण झाली, कृपया पुढे पाठवू नका’ असा संदेश त्याच सगळ्या ग्रुपवर टाका. नाहीतर ते आवाहन वर्षानुवर्षं फिरत राहतं.

मंजुरी मिळाल्यानंतर

एक वही घाला: तारीख, कुणाकडून, किती, कोणत्या बिलात वळते झाले. डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल बाबवार मागा आणि प्रत्येक न्यासाची रक्कम त्यात जमा दिसते का ते पाहा. खर्च एस्टिमेटपेक्षा कमी झाला तर उरलेली रक्कम न्यासाकडे परत जाते, ती मागून घेण्याच्या भानगडीत पडू नका. न्यासाला अंतिम बिलाची प्रत आणि दोन ओळींचं पत्र पाठवा. पुढच्या टप्प्यात पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागण्याची शक्यता असते.

उपचार लांबणार असतील तर उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर चालत नाही हे ध्यानात ठेवा. एप्रिल उजाडताच नवा काढायला टाका.